देणाऱ्याच्या वहीतून

सांगली, बुधवार

चि. भाचेबाई,


तुझा मेसेज मिळाला. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर सांगितलेले आकडे हवेत विरतात आणि मामी मध्ये बोलते. म्हणून कागद घेतला. मिरजेच्या मेडिकल कॉलेजात तीन वर्षं एमडी करायची, हॉस्टेलऐवजी मैत्रिणीबरोबर विश्रामबागेत फ्लॅट घ्यायचा, आणि फ्रीज, वॉशिंग मशीन, उन्हाळ्यापुरता एसी भाड्याने आणावा की विकत, हा तुझा प्रश्न. माणूस बरोबर निवडलास. मंडपाच्या लायटिंगपासून कूलरपर्यंत वस्तू भाड्याने देण्यातच माझा जन्म गेला. देणाऱ्याच्या वहीत काय असतं ते घेणाऱ्याला कुणी दाखवत नाही. आता धंदा बंद केलाय, तेव्हा दाखवायला हरकत नाही.

भाड्याने द्यायला वस्तू घेताना मी एकच बघायचो, की हिची किंमत किती महिन्यांत सुटते. दीड वर्षात सुटली तर घ्यायची, नाहीतर दुकानदाराला नमस्कार. म्हणजे एखाद्या गिऱ्हाइकानं ती सलग तीन वर्षं ठेवली, तर त्यानं मला दोन वस्तू घेऊन दिल्या आणि स्वतःच्या घरात एकही राहिली नाही. त्यातून माझी ने-आण, दुरुस्ती, बुडवे गिऱ्हाईक वजा कर. तरी असं गिऱ्हाईक आलं की मी चहा मागवायचो.

आता तू पाठवलेला भाव घे. सिंगल डोअर फ्रीज, महिना सहाशे, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०८. छत्तीस महिन्यांचे २५,४८८ रुपये. तसाच नवा फ्रीज सोळा हजारांच्या आसपास येतो आणि नीट ठेवलास तर तीन वर्षांनी पाच हजाराला जाईल. म्हणजे तुझ्या खिशातून खरे गेले अकरा हजार. एवढं भाडं पंधरा-सोळा महिन्यांत भरून होतं. त्याच्या आत मिरज सोडणार असशील तर भाडं परवडलं, पुढे राहणार असशील तर विकत. तुझा कोर्स तीन वर्षांचा. फ्रीजचा निकाल इथंच लागला.

पण यावरून भाडं म्हणजे लुबाडणूक असा अर्थ काढू नकोस. १९८२ च्या एशियाडला रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर. मध्यमवर्गीय माणसाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराचं ते यंत्र. त्याला ते वर्षातून किती रात्री लागायचं? बारसं, लग्नानंतरच्या सत्यनारायणाचं जागरण, गल्लीचा गणपती. आम्ही टीव्ही, व्हीसीआर आणि तीन पिक्चरच्या कॅसेटी एका रात्रीसाठी द्यायचो. बरोबर एक पोरगा जायचा. मध्येच पडद्यावर मुंग्या आल्या की तो झाकण उघडून स्पिरिटच्या चिंधीनं हेड पुसायचा, आणि तेवढ्यात मागच्या रांगेतले लोक पुढे येऊन बसायचे. पहाटे तोच टेम्पोतून सामान परत आणायचा. गल्लीनं वर्गणी काढून भाडं दिलं, कुणी कर्जात पडलं नाही. एका रात्रीची गरज एका रात्रीच्या पैशात भागली. भाड्याचा खरा उपयोग तो हा.

मिरजेला तुला हे रोज दिसेल. वॉनलेस साहेबांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला तेव्हापासून दूरदूरची माणसं तिथं औषधपाण्याला येतात. ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याला घरी नेताना वरखाली होणारी कॉट, सक्शन मशीन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. या वस्तू भाड्यानेच घ्याव्यात. पेशंट बरा झाला तरी परत जातात, नाही झाला तरी परत जातात, आणि तेव्हा तर त्या डोळ्यांसमोर नसलेल्याच बऱ्या. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत भाड्याने मिळेना म्हणून लोकांनी मिळेल त्या भावानं कॉन्सन्ट्रेटर विकत घेतले. त्यातले काही अजून माळ्यावर पडलेत; आत चाळणीसारखं काम करणारा पदार्थ ओल खाऊन निकामी होत असणार.

पुण्या-बंगळुरूच्या ॲपवाल्या कंपन्यांचं तू लिहिलंस. फर्लेन्को २०१२ मध्ये निघाली, रेंटोमोजो २०१४ मध्ये, दोन्ही बंगळुरूच्या. आयटीतली मुलं दर दीड वर्षाला गाव बदलतात, त्यांना ते सोयीचं आहे आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही. फक्त जाहिरातीतला कमी भाव बहुतेक वेळा लांब मुदतीचा असतो, हे ध्यानात ठेव. तीन महिन्यांसाठी मागितलंस की महिन्याचं भाडं चढतं आणि मुदतीआधी परत केलंस की कापून घेतात. धंद्याच्या अंगानं ते रास्तच आहे, मीही तेच करायचो. पण कागदावर सही करण्याआधी वाचायचं.

हे महिन्याच्या भाड्याचं काही नवीन नाही; इंग्लंडात एके काळी बहुतेक घरांतला टीव्ही भाड्याचा असे. व्हॉल्व्हचा टीव्ही सारखा बिघडायचा, आणि भाड्यात दुरुस्ती धरलेली असायची. टीव्ही टिकाऊ आणि स्वस्त झाले तशी ती दुकानं मोडली. मागं उरलं ते भाडं भरत भरत मालक होण्याचं दुकान, ज्यांना बँक दारात उभं करत नाही अशा लोकांसाठी. तिथं वस्तू इतकी महाग पडायला लागली की सरकारी नियामकाला एप्रिल २०१९ पासून मर्यादा घालावी लागली: व्याज आणि खर्च मिळून वस्तूच्या किमतीहून जास्त घ्यायचं नाही. म्हणजे दुप्पट घेतलेलं चालेल, त्यापुढे नको! त्यातली सगळ्यात मोठी कंपनी, ब्राइटहाऊस, पुढच्याच वर्षी बुडाली. आपल्याकडे त्या जागी हप्ता बसलाय. ‘शून्य टक्के’ म्हणणाऱ्याला रोख किती घेतोस ते आधी विचार. प्रोसेसिंग फी आणि सोडून दिलेली सूट हेच ते व्याज असतं. रिझर्व्ह बँकेनंही २०१३ मध्ये बँकांना या शून्य टक्क्यावरून दटावलं होतं.

आता एक गोष्ट, जी तुला कुठलाच भाडेवाला सांगणार नाही. फ्रीजच्या दारावर स्टारचं लेबल असतं, त्यावर वर्षाला किती युनिट खातो ते छापलेलं असतं. पाच स्टारचा फ्रीज महाग. भाड्याने देणारा तो कशाला घेईल? लाइटबिल तर तू भरणार. माझ्या गोदामात कधीच पाच स्टारची वस्तू नव्हती, कारण गिऱ्हाईक भाडं विचारायचं, युनिट कुणी विचारलं नाही. शिवाय लेबलवर साल बघ. स्टारचे निकष मधूनमधून कडक होतात, जुना पाच स्टार आजच्या तक्त्यात खाली घसरतो. वापर शंभर युनिटांवर गेला की महावितरणचा दर उडी मारतो, तिथं हा फरक बोचतो.

आणि सांगलीत आणखी एक कलम असतं, कृष्णामाईच्या पुराचं. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांवर धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत परत आलं. हरभट रोड, मारुती रोड, खणभाग, गावभाग, सगळीकडे दुकानांत पाणी. ओसरल्यावर रस्त्यावर फ्रीज ओळीनं पालथे पडले होते. फ्रीजचा कॉम्प्रेसर सीलबंद असतो, तो बहुधा वाचतो. मागचा रिले आणि ओव्हरलोड बदलला, आतला गाळ धुतला, आठवडाभर उन्हात ठेवला की पुष्कळदा परत चालतो. मात्र भिंतीतल्या फोममध्ये शिरलेला पुराचा वास जात नाही. वॉशिंग मशीनचं सर्किट बोर्ड भिजलं की दुरुस्तीचा खर्च ऐकून गिऱ्हाईक ती तिथंच सोडून जातं.

भाड्याची वस्तू पुरात गेली तर कुणाची गेली? १८७२ च्या करार कायद्यात, कलम १५१ आणि १५२ मध्ये, याचं उत्तर आहे. शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी तू घेतली असशील, तर नुकसान मालकाचं, तुझं नाही. पण कायदा तिथंच एक दार उघडं ठेवतो: करारात वेगळं ठरलं असेल तर तसं. आणि छापील करारात वेगळं ठरलेलंच असतं, बारीक अक्षरात. विश्रामबाग त्यामानानं उंचावर आहे, तरीही ‘नैसर्गिक आपत्ती’ हे शब्द शोध. तिथं भरपाई तुझ्या गळ्यात घातली असेल तर ती ओळ खोडून दोघांनी सही करा. ऐकत नसेल तर दुसरीकडे जा.

तुम्ही दोघी आहात, हाही मुद्दा आहे. निम्मेनिम्मे पैसे घालून फ्रीज घेतला आणि दीड वर्षानं तिचं लग्न ठरलं, तर तो कुणाचा? असल्या फ्रीजपायी बोलणी बंद झालेली मी पाहिलीत. म्हणून वाटून घ्या. फ्रीज तू घे, मशीन तिची, आणि कोणती वस्तू कुणाची ते व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा.

मशीनबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला झोपायला वेळ मिळत नाही, कपडे कधी धुणार? तीन महिने भाड्याने आणा, भाव चढा असला तरी. मशीन खरंच फिरतेय की तिच्यावर पुस्तकं साठतायत ते कळेल. फिरत असेल तर मैत्रिणीला घेऊ दे, नाहीतर परत करून मोकळ्या व्हा. नको म्हणता येण्याची किंमत तीन महिन्यांचं चढं भाडं, ती द्यायला हरकत नाही.

एसीचा विचार सोड. भाडं वेगळं, बसवायचे वेगळे, काढायचे वेगळे, तांब्याची पाइप फुटावर, आणि भिंतीला भोक पाडल्याबद्दल घरमालक डिपॉझिटमधून कापणार ते आणखी. एप्रिल-मेची सांगलीची हवा कोरडी असते, इथं कूलर छान लागतो. रत्नागिरीला असतीस तर हे बोललो नसतो. माझ्याकडे धंद्यातले दोन कूलर उरलेत. एकाची मोटर नवीन आहे, तो तुझा. वाळा तेवढा नवा घाल.

फ्रीजही नवाच हवा असं नाही. बदलीवर जाणारे प्राध्यापक, कोर्स संपलेले तुमचेच सिनियर चांगल्या वस्तू विकतात. बघायला जाशील तेव्हा विक्रेत्याला सांग, की आदल्या रात्रीपासून चालू ठेवा. फ्रीजरमध्ये पाण्याची वाटी ठेवायला लाव, बर्फ झाला का ते बघ. दाराच्या रबरात नोट धरून ओढ, सहज सुटली तर गॅस्केट गेलंय. मागच्या जाळीला हात लाव, कोमट लागली पाहिजे. नंतर मला फोन कर, मी येऊन कॉम्प्रेसरचा आवाज ऐकतो.

फ्लॅटचा ताबा घेण्याआधी प्लगला अर्थिंग आहे का ते मालकासमोर तपासून घे. टेस्टर माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी येत असशील तर कळव, टेम्पोवाल्याला थांबवून ठेवतो. आईला नमस्कार सांग.

तुझा
मामा