झेंडी धरणारा

ज्यूल व्हर्नची एक कादंबरी मी मोबाईलवर वाचून काढली, बरीचशी नरसीच्या फाट्यावर हिंगोलीच्या गाडीची वाट बघत. 1872 सालची. कॉपीराइट कधीच संपलाय, त्यामुळे फुकट मिळते. तीन इंग्रज आणि तीन रशियन शास्त्रज्ञ दक्षिण आफ्रिकेत रेखावृत्ताचा तुकडा मोजायला जातात. मधेच क्रिमियाच्या युद्धाची बातमी येते आणि कालपर्यंत एका दुर्बिणीतून बघणारे एकमेकांचे शत्रू होतात. शेवटी माकडं आकडेमोडीच्या वह्याच पळवतात. परीक्षेचा अभ्यास सोडून मी हे वाचत होते, घरी सांगू नका.

पण अडकले ते एका नावाशी. इंग्रज तुकडीचा प्रमुख कर्नल एव्हरेस्ट. हो, शिखराला ज्याचं आडनाव मिळालं तेच. खरा जॉर्ज एव्हरेस्ट कादंबरीतल्या मोजणीच्या आधीच, 1843 मध्ये, निवृत्त झाला होता. त्याचं सगळं आयुष्य गेलं भारताच्या मोजणीत. आणि ती मोजणी आपल्याच भागातून गेली!

झालं असं. विल्यम लॅम्ब्टननं 1802 मध्ये मद्रासला साडेसात मैलांची एक सरळ रेषा साखळीनं मोजली. मग त्रिकोण. एक बाजू माहीत असेल तर तिच्या दोन टोकांवरून लांबच्या टेकडीवरच्या झेंडीचा कोन घ्यायचा, उरलेल्या दोन बाजू गणितानं निघतात. त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्याच्यावर आणखी पुढचा. कोन घेणारं यंत्र अर्ध्या टनाचं, ते माणसांनी वाहायचं. 1815 मध्ये बिदरजवळ एक रेषा मोजली, 1822 मध्ये वऱ्हाडात एलिचपूरकडे दुसरी. नकाशावर बिदर आणि आजचं अचलपूर यांच्यात पट्टी ठेवून बघा. ती जवळजवळ सरळ उत्तरेला जाते, पुसदला घासून. नरसीपासून हे काही फार लांब नाही.

एव्हरेस्ट लॅम्ब्टनचा मदतनीस. गोदावरी-कृष्णेच्या मधल्या जंगलात तापानं असा पडला की 1820 मध्ये त्याला हवापालटासाठी दक्षिण आफ्रिकेला जावं लागलं. तिथंही स्वस्थ बसला नाही, लाकाय नावाच्या फ्रेंच माणसानं केलेली रेखावृत्ताची जुनी मोजणी तपासत बसला. म्हणजे व्हर्ननं त्याला आफ्रिकेत नेलं ते अगदीच हवेतून नव्हे. लॅम्ब्टन 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाटला वारला, नागपूरच्या वाटेवर. काम एव्हरेस्टकडे आलं.

कादंबरीत मोकूम नावाचा एक स्थानिक शिकारी आहे. वाट त्याला माहीत, पाणी त्याला माहीत, आणि त्याला नाव आहे. गाड्या हाकणाऱ्या बहुतेकांना नाही. आपल्याकडच्या खऱ्या मोजणीतून राधानाथ सिकदारांचं नाव आपण ऐकतो, कारण ते गणिती होते. टेकडीवर दिवसभर झेंडी धरून उभं राहणाऱ्याचं नाव मात्र तुम्ही-मी ऐकलेलं नसतं.

आमचे आजोबा झेंडी धरायचे. गावात शेतमोजणी आली की साखळी ओढायला, झेंडी धरायला त्यांना बोलवत. साखळी 33 फुटांची. 33 बाय 33 म्हणजे एक गुंठा, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पुढे आमच्याच बांधाचा वाद निघाला. फेरमोजणीच्या दिवशी आजोबा काठी टेकत आले आणि एका जागेवर उभे राहिले. म्हणाले, ‘दगड इथं होता साहेब. मीच झेंडी धरली होती हितं.’ साहेबांनी सरळ विचारलं, ‘कागद आहे का बाबा?’

जुन्या कागदावर मोजणी करणाऱ्याची सही होती, पंचांचे अंगठे होते. दीड गुंठा गेला. दीड गुंठ्यानं कुणी भिकेला लागत नाही. आजोबा त्यानंतर त्या शेताकडे गेले नाहीत एवढंच.

साहेबांचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. उद्या कुणीही उठून म्हणेल, मी इथं उभा होतो.

नरसी म्हणजे नामदेवांचं गाव. कयाधूच्या काठी देऊळ आहे, पार पंजाबातून माणसं येतात. लहानपणी आजोबांच्या बोटाला धरून जायचे, तेव्हा ते नामदेवांच्या बरोबरीनं जनाबाईचं सांगायचे. घरातली मोलकरीण, दळणकांडण करणारी. पण प्रत्येक अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घालून ठेवलं तिनं. ‘हुशार बाई,’ आजोबा म्हणायचे आणि हसायचे. तेव्हा मला त्यात हसण्यासारखं काय ते कळायचं नाही.

कादंबरी संपली त्या रात्री मी पेटीतून त्या मोजणीची झेरॉक्स काढली. बांधाच्या कोपऱ्यावर एक बारीक टिंब आहे. त्याच्या शेजारी पेन्सिलीनं आजोबांचं पूर्ण नाव लिहिलं. बाबांना अजून दाखवलेलं नाही.