मोढेरा : सूर्यमंदिराच्या गावातील वीजबिल

वाचकहो, गुजरातकडे तुम्ही सहसा द्वारका-सोमनाथला, नाहीतर आणंदची दूधडेअरी पाहायला जाता. पुढच्या खेपेस वाटेत एक दिवस जास्त काढा आणि मेहसाणा जिल्ह्यातील मोढेरा हे गाव पाहून या. देवदर्शन, जुने शिल्प आणि घरखर्चाचा धडा अशा तिन्ही गोष्टी तिथे एकाच जागी मिळतील.

अहमदाबादहून रेल्वेने मेहसाण्याला उतरावे. तिथून बेचराजीकडे जाणारी एस.टी. धरली की तासाभराच्या आत मोढेरा येते. बेचराजीला बहुचरा मातेचे मोठे ठाणे असल्याने गाडीत यात्रेकरूंची गर्दी असते. थंडी सरत आली की दुतर्फा एरंडाची शेते, कापणीला आलेले जिरे आणि पिवळी पडलेली मोहरी दिसते. जिरे आणि इसबगोल यांची मोठी बाजारपेठ असलेले उंझा याच जिल्ह्यात आहे. मेहसाणी म्हैस तर तुमच्या ऐकण्यातली असेलच. जमीन रेताड, पाऊस बेताचा आणि आकाश वर्षातले बहुतेक महिने निरभ्र. हे निरभ्र आकाश ध्यानात ठेवा, कारण पुढची सारी गोष्ट त्यावरच उभी आहे.

गावाबाहेर पुष्पावती नदीच्या काठी सूर्यमंदिर आहे. सोलंकी घराण्यातील पहिल्या भीमदेव राजाच्या कारकिर्दीत, इ.स. 1026-27 च्या सुमारास ते बांधले. पुढे पायऱ्यापायऱ्यांचे प्रचंड कुंड आणि त्याच्या कडांना लहान लहान देवळे. मग कोरीव खांबांचा सभामंडप आणि त्यामागे गाभारा. मंडपाचे खांब बावन्न असून ते वर्षाचे आठवडे दाखवतात, असे तिथे सांगतात. गाभाऱ्यात आता मूर्ती नाही व पूजाही होत नाही. मात्र दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी उगवत्या सूर्याचा किरण थेट गाभाऱ्यात पोहोचावा, अशी मंदिराची रचना आहे. कारागिरांनी सूर्याची दिशा किती बारकाईने पाहिली होती, हे त्यावरून कळते.

मंदिर पाहून गावात शिरलात की मान आपोआप वर जाते. धाब्याच्या घरांवर, पत्र्यांवर, शाळेवर, जिकडे पाहावे तिकडे सोलरच्या काळ्या-निळ्या प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या. 9 ऑक्टोबर 2022 रोजी पंतप्रधानांनी मोढेरा हे दिवसरात्र सौर विजेवर चालणारे देशातील पहिले गाव म्हणून जाहीर केले. तेराशेहून अधिक घरांवर प्रत्येकी एक किलोवॅटचे संच बसवले. शेजारच्या सुजाणपुऱ्यात जमिनीवर सहा मेगावॅटचा मोठा प्रकल्प उभारला. दिवसाची वीज रात्री वापरता यावी म्हणून मोठ्या बॅटऱ्यांचे केंद्रही केले. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात मान्याचीवाडी हे लहानसे गाव 2024 मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. तेही जरूर पाहा.

घरच्या माणसांचे अनुभव

सरकारी फलकावरचे आकडे वाचून आपले समाधान होत नाही. घरातल्या बायामाणसांना विचारले म्हणजे खरे कळते. देवळाजवळच्या आळीत एक बा ओसरीवर बसल्या होत्या. बिलाचे विचारताच हसून म्हणाल्या, "हवे बिल झीरो आवे छे." घरात दोन पंखे, तीन दिवे, टीव्ही आणि एक लहान फ्रीज. पूर्वी बिल आले की ते भरायला दूध डेअरीच्या हप्त्यातून पैसे काढावे लागत. आता तेच पैसे म्हशीच्या खुराकात जातात, असे त्यांच्या सुनेने सांगितले. बचतीला सुनेने दुसरीकडे वाट काढून दिली, म्हणून ती बचत दिसते. नाहीतर वाचलेला पैसा कुठे गेला ते कळतही नाही.

पण सगळ्याच घरी शून्य नाही. दोन गल्ल्या पुढे एका घरी सहा म्हशी, कडबाकुट्टीचे यंत्र, पाण्याची मोटर आणि अंघोळीला विजेचा गिझर. त्या घरमालकाचे म्हणणे असे की बिल अर्ध्यावर आले, गेले नाही. एक किलोवॅटचा संच दिवसाला साधारण चार युनिट वीज देतो, म्हणजे महिन्याला सुमारे 120 युनिट. वापर त्याहून जास्त असेल तर जास्तीचे बिल येणारच. तिसऱ्या घरी वेगळीच तक्रार होती. दारातला कडुलिंब वाढला आणि दुपारनंतर त्याची सावली प्लेटांवर पडू लागली. सावली एका कोपऱ्यावर पडली तरी वीज बरीच घटते. त्यांनी फांद्या छाटल्या, झाड मात्र ठेवले. धुळीचा त्रास तर सगळ्यांनाच. रेताड मुलूख असल्याने बायका आठवड्या-पंधरवड्याने सकाळी लवकर साध्या पाण्याने प्लेटा पुसतात. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी कधीच टाकत नाहीत.

हे आपल्या घरी कसे लागू पडेल?

आता नीट ऐका, कारण इथेच अनेक जण फसतात. मोढेऱ्याच्या लोकांना घरावरचे संच फुकट मिळाले. तो खर्च केंद्र व राज्य सरकारांनी केला. तुम्हाला मात्र स्वतःचा पैसा घालावा लागेल, म्हणून हिशेब आधी करा.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला 30,000 रुपये, दोनला 60,000 आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान ठरले. हे अनुदान संच सुरू झाल्यावर बँकेच्या खात्यात जमा होते, म्हणून सुरुवातीची तजवीज आपणच करायची असते.

आपल्या वीजबिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांचे युनिट मिळवा, बाराने भागा आणि आलेल्या आकड्याला 120 ने भागा. तितक्या किलोवॅटचा संच पुरे. समजा महिन्याला 240 युनिट लागतात, तर दोन किलोवॅट. सरकारने अनुदान ठरवताना पहिल्या दोन किलोवॅटसाठी दर किलोवॅटला 50,000 रुपये खर्च धरला होता. त्या हिशेबाने एक लाखातून अनुदान वजा जाता पदरचे 40,000. युनिटमागे सहा रुपये वाचतात असे धरले तर महिन्याची बचत 1,440 रुपये, आणि अडीच वर्षांच्या आत पैसे फिटतात. पण ठेकेदाराने 1,30,000 सांगितले, तर पदरचे 70,000 जाऊन ते फिटायला चार वर्षे लागतील. म्हणून दोन-तीन ठिकाणचे दर लेखी घेतल्याशिवाय सही करू नका.

ज्यांच्या घरी महिन्याला चाळीस-पन्नास युनिटच जळतात, त्यांनी शेजाऱ्याने बसवला म्हणून तीन किलोवॅटसाठी कर्ज काढू नये. वर्षअखेर उरलेल्या जादा युनिटला जो दर मिळतो, तो आपण विजेला मोजतो त्यापेक्षा बराच कमी असतो. त्या उत्पन्नावर कर्जाचा हप्ता फिटत नाही.

आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवा. एक, बिल पूर्ण शून्य होईलच असे नाही. वापर शून्य झाला तरी स्थिर आकार भरावाच लागतो. दोन, बॅटरी नसलेला साधा संच गावची लाईट गेली की आपोआप बंद पडतो, मग वर कितीही ऊन असो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ही सोय केलेली असते. भारनियमनावर उपाय म्हणून सोलर घेत असाल, तर बॅटरीचा खर्च धरून विचार करा. तीन, दर किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. कौलारू किंवा जुन्या पत्र्याचे छप्पर असेल तर वासे-कैच्या वजन पेलतील का, वादळात सांगाडा टिकेल का, हे आधी जाणत्याकडून पाहून घ्या. अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर नको. चार, घरच्या छपरावरील संचाचा शेतपंपाच्या बिलाशी संबंध नाही. पंपासाठी वेगळ्या योजना आहेत. दोन्ही एकत्र करून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

हमीपत्र, पावत्या आणि नेट मीटरचे कागद घरातल्या कर्त्या बाईच्या ताब्यात द्या. प्लेटा पंचवीस वर्षे चालाव्यात अशी अपेक्षा असते, पण त्या पुसणारे आणि महिन्याला मीटरचा आकडा वहीत टिपणारे कोणीतरी घरात हवे. मोढेऱ्यात ज्या घरी असे कोणी होते, तिथे अनुभव चांगला होता. जिथे सारे कंपनीच्या माणसावर सोडले होते, तिथे धूळ होती आणि बिलही होते. तेव्हा ठेकेदाराला बोलावण्याआधी आजच संध्याकाळी मागची बिले काढा, मुलांना जवळ बसवा आणि बेरीज त्यांच्याकडूनच करून घ्या.