तात्या, युगोस्लाव्हियाचं का नाही सांगितलंत?



तुम्ही असतात तर तोंडावरच विचारलं असतं. मेलबर्न ऑलिंपिकची गोष्ट दर वेळी ऑस्ट्रेलियापाशीच का थांबवायचात?

आपल्या साखऱ्यात फुटबॉल म्हणजे तुम्ही. बाकी गाव कबड्डीचं, नाहीतर क्रिकेटचं. उन्हाळ्यात वखरलेल्या रानात तुऱ्हाट्या रोवून गोल उभे करायचात आणि चेंडू ढेकळांत अडला की आम्हालाच बोलणी. “नेव्हिल असता तर एव्हाना घातला असता!”

नेव्हिल डिसोझा. मूळ गोव्यातल्या आसगावचा, खेळला मुंबईत. टाटांकडून, मग कॅल्टेक्सकडून. १९५८ला कॅल्टेक्सनं रोव्हर्स कप जिंकला तेव्हा तुम्ही गिरणीची पाळी बुडवून कूपरेजवर होतात म्हणे. खरंच होतात, की थोडं तिखटमीठ?

एक मात्र झकास जुळवलं होतंत. १ नोव्हेंबर १९५६ला आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. बरोबर महिन्यानं, १ डिसेंबरला, हैदराबादच्या प्रशिक्षक रहीमसाहेबांनी घडवलेल्या संघातून मुंबईच्या नेव्हिलनं ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले. आपण ४-२ जिंकलो. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई, उपांत्य फेरी गाठणारा आपला पहिला आशियाई देश. “दोन्हीकडची माणसं आपलीच की रे!” म्हणत मिशीवर हात फिरवायचात. समर बॅनर्जींचा फटका आडव्या दांड्यावरून परतला आणि नेव्हिलनं डोक्यानं आत घातला, हे करून दाखवताना तुमची टोपी हटकून मातीत पडायची.

पुढचं मला वाचून कळलं. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल आपला होता, आणि तोही नेव्हिलचाच! उत्तरार्धात थोडा वेळ का होईना, आपण पुढे होतो. मग चार खाल्ले. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियानं ३-० हरवलं. नेव्हिलचे एकूण चार गोल. त्या स्पर्धेत त्याच्यापेक्षा जास्त कुणाचेच नाहीत. अर्जुन पुरस्कार मात्र त्याच्या वाट्याला कधी आला नाही. १९८०मध्ये, पन्नाशीच्या आतच, तो गेला. तेव्हा तुम्ही मुंबईतच होतात. एका अक्षरानं बोलला नाहीत.

मला तर तो चौथा गोल आधीच्या तिन्हींहून मोठा वाटतो. तोच कसा गाळलात? हरलेल्या सामन्यातला होता म्हणून?

गिरणी संपाचंही तसंच. ८२चे मोर्चे, डॉक्टर सामंतांची भाषणं रंगवून सांगायचात. ट्रंक घेऊन गावी का परतलात, हे मात्र काकूला विचारावं लागायचं. आणि तीही तुमच्याकडे बघून गप्प व्हायची.

रागावू नका. मुंबईतही आता फारसं कुणाला आठवत नाही ते नाव सेनगाव तालुक्यातल्या एका गावात अजून घेतलं जातं, ते तुमच्यामुळेच. हे उपकार फिटायचे नाहीत. पण शाळेतल्या पोरांना मी गोष्ट पुरती सांगतो. युगोस्लाव्हिया, बल्गेरिया, सगळं. परवा एकानं विचारलं, “सर, म्हणजे आपण शेवटी हरलोच ना?”

मी म्हटलं, चौथे आलो. ऑलिंपिकमध्ये चौथे. यात लपवण्यासारखं काय होतं, तात्या?

तुमचा,
पुतण्या