काळ्या पाण्याचा हिशेब

थंडीच्या दिवसांत नारायणगावहून ओझरच्या गणपतीला निघालं, की डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं, गळीत हंगाम सुरू झालाय! गोडसर, थोडा आंबूस वास. पुढं उसानं भरलेल्या ट्रॉल्या, मागं आपली एस.टी. रखडलेली. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. त्यात बिबट्या दडून असतो, म्हणून आमच्या शाळेची पोरं बांधावरून जाताना मुद्दाम मोठमोठ्यानं बोलतात.

जुन्नर तालुक्यात विघ्नहर आणि आंबेगाव तालुक्यात भीमाशंकर, असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. सहकारी म्हणजे कुणा एका शेठजीचे नाहीत, ऊस लावणाऱ्या सभासदांचे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे आजोबा नाहीतर वडील कुठल्या ना कुठल्या कारखान्याचे सभासद आहेत. तेव्हा मुलांना साखर कारखाना दाखवायचं ठरवलं, तर सगळ्यांची एकच उडी, "बाई, साखर खायला मिळंल ना?"

साखर मिळाली, गरम गरम. पण मला मुलांना दुसरंच काही दाखवायचं होतं: साखर काढून झाल्यावर उरतं ते.

काट्यावर ट्रॉली चढते, वजन होतं, ऊस गव्हाणीत पडतो. पुढचा हिशेब आम्ही वहीत मांडला. एक टन, म्हणजे १००० किलो उसातून साखर निघते साधारण १०० ते ११० किलो. मग बाकीचा ऊस गेला कुठं? चिपाड निघतं ३०० किलोच्या आसपास. ते बॉयलरमध्ये जळतं, त्यावर वाफ होते, वीज होते. रस गाळून राहिलेला काळपट चिखल, म्हणजे प्रेसमड, ३०-४० किलो. मळी ४०-४५ किलो. बाकी बहुतेक पाणीच! उसात जवळजवळ ७० टक्के पाणी असतं, हे ऐकून आमची पाचवी चकित झाली.

आता मळीची गोष्ट. शाळेत आम्ही गुळाचं पाणी बाटलीत, बूच सैल ठेवून, तीन दिवस ठेवलं होतं. बूच काढल्यावर सगळ्यांनी नाकं दाबली! गूळ आंबला होता. मळीचंही असंच करतात. तिच्यात पाणी आणि यीस्ट घालून ती आंबवतात, मग तापवून अल्कोहोल वेगळं काढतात. त्यातलं पाणी पूर्ण काढलं की झालं इथेनॉल. २०२५ मध्ये आपल्या देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. म्हणजे बाबांच्या मोटारसायकलीतही थोडा ऊस जळतोय म्हणा ना.

पण एक लिटर अल्कोहोलमागं दहा-बारा लिटर गरम, आंबट, काळपट तपकिरी पाणी उरतं. त्याला स्पेंट वॉश म्हणतात. हे पाणी विषारी औषधासारखं लगेच मारत नाही. त्याची खोडी वेगळीच आहे. त्यात जिवाणूंना खायला भरपूर असतं. ते नदीत गेलं, की जिवाणू त्यावर तुटून पडतात, वाढतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवून टाकतात. मासे गुदमरतात.

किती प्राणवायू? चला, गणित करू. प्रक्रिया न केलेल्या एका लिटर स्पेंट वॉशला ४० हजार मिलिग्रॅम, म्हणजे ४० ग्रॅम प्राणवायू लागतो, कधी त्याहून जास्त. पाव लिटरहून थोडा कमी, म्हणजे २०० मिलिलिटरचा पेला घ्या. त्याला लागेल ८ ग्रॅम. आणि नदीच्या चांगल्या पाण्यात एका लिटरला प्राणवायू असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. म्हणजे एका पेल्याला हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू पुरतो! हे गणित फळ्यावर सुटलं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला.

मी मात्र हे गणिताआधीच पाहिलं होतं. लहानपणी दुसऱ्या जिल्ह्यात मामाच्या गावी सुट्टीला गेले होते. एका सकाळी ओढा कोऱ्या चहासारखा वाहत होता आणि कडेला मासे पोट वर करून पडले होते. पोरं टोपलीत भरायला धावली, तर आजी ओरडली, "हात लावू नका!" आठ दिवस तिनं ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी भरू दिलं नाही. पाणी कुठून आलं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. बोललं कुणीच नाही. ऊस तिथंच घालायचा होता ना!

आता नियम कडक आहेत. स्पेंट वॉशचा थेंबही आवाराबाहेर सोडायचा नाही. आधी त्यापासून बायोगॅस करतात. मग राहिलेलं पाणी प्रेसमडवर शिंपडून खत करतात, किंवा आटवून घट्ट करून बॉयलरमध्ये जाळतात. त्याच्या राखेत पोटॅश असतं, ते पुन्हा शेतातच जातं. करायचं म्हटलं तर यातलं काही वाया जात नाही. पण टाकी गळकी असली, खताच्या जागेला पक्का तळ नसला, किंवा पावसात ते वाहून गेलं, तर काळं पाणी खाली मुरतं आणि विहिरीत उतरतं. ते रोज कोण बघणार?

परतताना ओझरला कुकडीच्या काठी डबे सोडले. ही कुकडी पुढं घोड नदीला मिळते, घोड भीमेला आणि भीमा उजनी धरणात. उजनीचं पाणी सोलापूरकर पितात. नकाशावर बोट फिरवत एका मुलीनं विचारलं, "बाई, कारखाना आपला, मग काळं पाणीपण आपलंच का?"

मी म्हटलं, घरी विचार.

दुसऱ्या दिवशी ती सांगत आली. आजोबा आधी हसले म्हणे, मग जरा वेळ गप्प बसले. म्हणाले, "सभेत आम्ही भावाचं विचारतो, दिवाळीच्या साखरेचं विचारतो. हे काही कधी विचारलं नाही. कागदावर लिहून दे, पुढच्या सभेला नेतो."

तिनं वहीचं पान फाडून लिहिलंय. मी फक्त 'स्पेंट वॉश'चा 'श' सुधारून दिला.