हिवाळ्यांतला युरोप

युरोपांत जावयाचें तर मे-जून महिन्यांत जावें, असा आपल्याकडे जवळजवळ नियमच होऊन बसला आहे. आपला उन्हाळा चुकतो, मुलांच्या शाळा बंद असतात आणि तिकडे रात्रीं नऊपर्यंत उजेड असतो. त्यामुळें डिसेंबर महिन्यांत, आणि तेंही ७२ वर्षांच्या सासूबाईंना बरोबर घेऊन, आम्ही निघणार हें कळतांच घरांतील वडीलधाऱ्यांनीं एकमुखानें हरकत घेतली. "झाडांना पान नाहीं, आकाशाला सूर्य नाहीं, मग तुम्ही पाहणार तरी काय?" असा काकासाहेबांचा प्रश्न होता. सासूबाईंनीं मात्र शांतपणें सांगितलें, "ऊन मला येथेंही पाहावयास मिळतें. बर्फ मिळत नाहीं." त्यांच्या वयाच्या माणसास पुढल्या वर्षाचा वायदा करणें कोणासच शोभलें नसतें.

काकासाहेबांचा प्रश्न अगदींच निराधार नव्हता. डिसेंबरअखेर पॅरिसला सूर्य सकाळीं पावणेनऊच्या सुमारास उगवतो व सायंकाळीं पांचच्या सुमारासच मावळतो. मुंबईचा लहानांत लहान दिवस सुमारें ११ तासांचा, तर तेथला सव्वाआठ तासांचा. परंतु या टंचाईमुळेंच एका दिवशीं एकच स्थळ पाहावें असा नेम आम्हांस घालून घ्यावा लागला, आणि तो फार हितकर ठरला. नोत्र दामच्या प्रार्थनामंदिरांत आम्हीं अख्खी दुपार काढली. १५ एप्रिल २०१९ रोजीं लागलेल्या आगींत त्याच्या छपराची प्राचीन लांकडी सांगड भस्मसात् झाली. तुळयांच्या दाटीमुळें लोक तिला 'अरण्य' म्हणत. सुतारांनीं कुऱ्हाडीनें ओकचें लांकूड तासून ती पुनः उभारली, व डिसेंबर २०२४ मध्यें मंदिराचीं दारें उघडलीं.

तेथून आगगाडीनें आम्ही स्ट्रासबर्गला गेलों. येथें नाताळचा बाजार १५७० पासून भरत आला आहे. गारठलेल्या हातांत भाजलेल्या चेस्टनटचा पुडा धरावा आणि १४२ मीटर उंचीच्या मनोऱ्याकडे पाहत उभें राहावें, हें सुख उन्हाळ्यांतील प्रवाशाच्या नशिबीं नाहीं. परंतु माझ्या मनांत घर करून राहिली ती तेथील ट्राम. २०१७ पासून ती ऱ्हाइन नदीच्या पुलावरून पलीकडे जर्मनींतील केल गांवीं जाते. नदी ओलांडण्यास लागतात थोडींच मिनिटें. तिच्या कांठांसाठीं मात्र किती रक्त सांडलें! हें शहर १८७१ मध्यें जर्मनांकडे गेलें, १९१८ मध्यें फ्रेंचांकडे आलें, १९४० मध्यें पुनः जर्मनांकडे आणि १९४४ मध्यें पुनः फ्रेंचांकडे. एखाद्या आजीनें जागचें न हलतां एकाच जन्मांत चार वेळां देश बदलला असेल! या सीमेवर कधीं कधीं तपासणी होते. त्या दिवशीं ती नव्हती. पूल मागें पडल्यावर सासूबाईंनीं विचारलें, "अगं, दुसरा देश केव्हां लागायचा?" शेजारच्या बायका बाजाराच्या रिकाम्या पिशव्या सांवरून उतरण्याच्या तयारींत होत्या.

स्वित्झर्लंडमध्यें, लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यांत, सासूबाईंना बर्फ भेटलें. तें त्यांनीं ओंजळींत घेतलें, हंसल्या, आणि मग पाहत राहिल्या त्या घरांच्या वळचणीखालीं रचलेल्या सरपणाच्या नेटक्या चळती. "आपण पावसाळ्यापूर्वीं गोवऱ्या, लोणचीं, पापड भरून ठेवीत असूं, तशीच ही यांची बेगमी," त्या म्हणाल्या.

शेवटचा मुक्काम व्हिएन्ना. तेथील कलासंग्रहालयांत पीटर ब्रॉयगेल याचें १५६५ मधील 'बर्फांतील शिकारी' हें चित्र आहे. तीन शिकारी दमून परतत आहेत, कुत्र्यांच्या माना खालीं आहेत. आणि लाभ म्हणाल तर एक कोल्हा! डावीकडे खाणावळीपुढें जाळ पेटला आहे, दूर खालीं गोठलेल्या तळ्यांवर माणसें खेळत आहेत. सासूबाई त्या चित्रापुढें बराच वेळ उभ्या होत्या. "एवढ्याशानें एवढ्या माणसांचें कसें भागणार गं?" इतकेंच त्या म्हणाल्या. १९७२ च्या दुष्काळांत, नव्यानेंच सासरीं आल्या असतां, त्यांनीं मोठ्या कुटुंबाचें धान्य मोजून मोजून शिजविलें होतें. चित्रांतील चिंता त्यांना कोणीं समजावून सांगावी लागली नाहीं.

उन्हाळ्यांत देश पाहुण्यांसाठीं सजलेला असतो. हिवाळ्यांत तो आपल्या संसारांत गढलेला असतो. खिडकींतला दिवा, दारांतलें सरपण, बाजारांतली ऊब यांवरून तेथील लोक अंधाराशीं कसे राहतात तें कळतें. पुरेसे लोकरीचे कपडे, रोज एकच स्थळ आणि संध्याकाळीं लौकर बिऱ्हाडीं परतणें, एवढें पथ्य पाळिल्यास धडधाकट वडील माणसांना हा प्रवास झेपतो. त्यांना न्यावें तें केवळ त्यांची हौस पुरविण्यासाठीं नव्हे. ज्यांनीं टंचाईंत घर चालविलें आहे, त्यांना परक्याचें घर आपल्याहून लौकर ओळखूं येतें.