अनामत

मराठीच्या प्राध्यापकाने घरमालक होऊ नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. शब्दाचा अर्थ वर्गात सांगणे निराळे आणि तो हिशेबाच्या वहीत पाळणे निराळे.

आमचे बालपण गिरगावच्या चाळीत गेले. १९४७ च्या कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवलेली. छप्पर गळते म्हणून तक्रार केली की मालक भाड्याची पावती पुढे धरी आणि म्हणे, "एवढ्यात कौलसुद्धा येत नाही!" आम्हां पोरांच्या लेखी घरमालक म्हणजे राक्षसच.

पुढे मीच त्या जातीत गेलो. २००४ साली ठाणे-वाशी गाडी सुरू झाल्यापासून आमच्या कोपरखैरण्यात बिऱ्हाडकरूंना तोटा नाही. २०२१ मध्ये राहत्या घरापासून दोन सेक्टर सोडून मी एक खोली आणि स्वयंपाकघर अशी जागा घेतली. कर्ज १८ लाख, व्याज ७ टक्के, मुदत २० वर्षे, हप्ता १३,९५५ रुपये. भाडे ठरले १४,५००. भाड्यातून हप्ता परस्पर फिटणार, वर ५४५ रुपये नफा!

"अहो, सोसायटीचे पैसे, कर, रंग? आणि जागा रिकामी पडली तर?" सौभाग्यवतींनी विचारले.

"तुला हिशेबातले काय कळते?" मी म्हणालो. ती बँकेत नोकरीला आहे.

बिऱ्हाडकरू मिळाले एक तरुण जोडपे. तेहतीस महिन्यांचा करार रीतसर नोंदवला. महाराष्ट्रात तो नोंदवणे मालकावर बंधनकारकच आहे. चाळीचे संस्कार जागे झाले आणि भाडेवाढीचे कलम मी उदारपणे गाळले. ५०,००० रुपये अनामत घेतली.

मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर चढवायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. पाठोपाठ आमचे व्याज साडेनऊ झाले आणि हप्ता साडेसोळा हजारांच्या पुढे. पहिल्याच हप्त्यातले १०,५०० रुपये नुसत्या व्याजाचे होते, हे मी तेव्हा प्रथम नीट वाचले. दर महिन्याची तूट, त्यात न्हाणीघराची गळती. मी अनामतीतून 'तात्पुरते' काढत गेलो.

आणि एका संध्याकाळी तो तरुण म्हणाला, "सर, नोकरी पुण्याला लागली. महिनाअखेर जागा सोडतो. डिपॉझिट तेवढे त्या दिवशी मिळेल ना? तिकडच्या मालकांना द्यायचे आहे."

"नवा बिऱ्हाडकरू आला की देतो हो," मी म्हणालो. तो काही बोलला नाही. त्याच्या बायकोने मान खाली घातली. पावती पुढे धरणारा गिरगावचा मालक आणि मी यांत मला फरक दिसेना. त्याने निदान कुणाचे पैसे खर्चले नव्हते.

'अनामत' हा शब्द अरबी 'अमानत'वरून आला, विश्वासाने सोपवलेली वस्तू असा त्याचा अर्थ, हे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहे. त्या रात्री झोप आली नाही. सकाळी हिने काही न बोलता आपली आवर्तक ठेव मोडली. पैसे ठरल्या दिवशी दिले. जागा पुढे दोन महिने रिकामी होती. हप्ता मात्र एकदाही चुकला नाही, कारण तो बँकेचा होता.

आता वही हिच्याकडे असते. भाडे वर्षाला बारा नव्हे, दहाच महिन्यांचे धरायचे, म्हणजे महिना सरासरी १२,०८३ रुपये. उरलेले साडेचार हजार माझ्या पगारातून जातात हे उघड लिहायचे. तीन हप्त्यांइतकी रक्कम बाजूला असायची. अनामत वेगळ्या मुदतठेवीत ठेवायची. २०२५ मध्ये दर उतरले, तेव्हा मी उत्साहाने वही मागितली, मिळाली नाही.

परवा कागदपत्रे चाळताना ध्यानात आले, की सोसायटीची जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली. पट्टा ६० वर्षांचा. म्हणजे माझा राक्षसपणाही भाड्याच्याच जमिनीवर उभा होता! हिला सांगितले, तर तिने ठेवीची पावती कपाटात ठेवली, किल्ली फिरवली आणि म्हणाली, "मग तर अनामत आणखीच जपायला हवी."