दारी मांडव की दूरदेशी अक्षता?

कोल्हापुरात विवाहाची चाहूल सर्वप्रथम गुजरीला लागते. अंबाबाईच्या मंदिराजवळच्या या सराफ पेठेत साज, पाटल्या, तोडे यांची पारख होते. हुपरीच्या कारागिरांनी घडविलेले चांदीचे पैंजण निवडले जातात. तेथून पावले महाद्वार रोडकडे शालू पाहण्यास वळतात. पहिली पत्रिका जिनमंदिरात ठेवली जाते. शुक्रवार पेठेतील लक्ष्मीसेन मठातील भव्य आदिनाथ मूर्तीसमोर हात जोडून कित्येक घरांनी मंगलकार्याचा आरंभ केला आहे. या शहरात लग्न हे कार्यालयात होते खरे, परंतु ते घडते पेठापेठांतून.

याच पेठांतील घरांत आता एक नवा प्रश्न येऊन बसला आहे. थायलंडचा किनारा, बाली किंवा दुबई येथे पन्नास माणसांत विवाह करावा, की येथेच दारी मांडव घालावा? वडीलधाऱ्यांना ही तरुणांची हौस वाटते. ती थोडीफार असेलही, पण तिच्यामागे एक खरी अडचण आहे. लक्ष्मीपुरीत धान्याची किंवा शाहूपुरीत गुळाची पेढी चालविणाऱ्या घराला आमंत्रणांची यादी आवरता येत नाही. अडत्या, गिऱ्हाईक, शेतकरी, बँकेतील मंडळी, शेजारची दुकाने. एकाला बोलावले आणि दुसऱ्याला वगळले, तर त्याचे पडसाद व्यवहारात उमटतात. ‘परदेशी करतो, म्हणून बोलावता आले नाही’ ही सबब सर्वांना मान्य होते. म्हणजे अनेकदा दूर जायचे असते ते समुद्रासाठी नव्हे, यादीतून सुटण्यासाठी.

व्यापारी घराने या प्रश्नाचा जमाखर्च मांडूनच पाहावा. परदेशी विवाहात पाहुणे कमी असतात, पण प्रत्येक पाहुण्यामागे विमानभाडे, व्हिसा आणि तीन-चार दिवसांचे हॉटेल येते. उजळाईवाडीच्या विमानतळावरून थेट परदेशी जाता येत नाही. मुंबई किंवा बंगळूर गाठावेच लागते. परदेशी सहलीच्या पॅकेजवर स्रोतावर कर वसूल होतो. तो पुढे आयकर विवरणपत्रात वळता करता येत असला, तरी ऐन लग्नाच्या हंगामात तेवढे भांडवल अडकून पडते. त्यात स्वयंपाकाची चिंता वेगळी. कंदमूळ वर्ज्य, पाणी गाळलेले, सूर्यास्तापूर्वी भोजन हा नियम पाळायचा तर आचारी सोबत न्यावे लागतात आणि विधीसाठी उपाध्येही. रात्री उशिरा जेवणाची रीत असलेल्या हॉटेलात वेळेचे गणित जुळविणे सोपे नसते. कोल्हापुरात दुपारच्या मुहूर्तावर अक्षता पडतात, लगेच पंगत बसते आणि दिवस मावळण्याच्या आत कार्य आटोपते. येथे नियमासाठी निराळी व्यवस्था करावीच लागत नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे आणि त्यात रूढीप्रमाणे झालेल्या विधींना महत्त्व आहे. केवळ नोंदणीचा दाखला मिळविला आणि विधी झालेच नाहीत, तर या कायद्याखाली विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. भारतीय वकिलातीत १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यानुसार लग्न लावायचे, तर वधूवरांपैकी एकाने तरी त्या ठिकाणी आधी किमान ३० दिवस वास्तव्य केलेले असावे लागते. चार दिवसांच्या मुक्कामात ते साधत नाही. म्हणून नोंदणी कोठे व कशी होणार, हे हॉटेलची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच वकिलाला विचारून घ्यावे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘मन की बात’मधून पंतप्रधानांनी विवाह देशातच करण्याचे आवाहन केले, तेव्हा देशाचा पैसा देशात राहावा हा मुद्दा त्यांनी मांडला. कोल्हापूरपुरता तो मुद्दा अधिक जवळचा आहे. मांडववाले, फुलवाले, आचारी, वाजंत्री, सराफ ही सारी आपलीच गिऱ्हाइके आणि आपणही त्यांची. तरीही हजारोंच्या पंगतीसाठी कर्ज काढणे हे काही गावावरचे प्रेम नव्हे. अपरिग्रहाचे व्रत सांगणाऱ्या समाजाला मानपानाचा हा बोजा शोभत नाही, हेही तितकेच खरे.

या दोहोंच्या मध्ये तिसरी वाट आहे: घरीच, पण लहान. ती सर्वांत अवघड, कारण तेथे अंतराची सबब नसते. नाही म्हणण्याचे धैर्य लागते. या भूमीला त्या धैर्याची परंपरा आहे. १८९९ मध्ये दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली. १९०१ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात जैन बोर्डिंग उभे राहिले आणि खेड्यापाड्यांतील मुले एका पंगतीत बसून शिकू लागली. समाजाने आपला पैसा कोठे लावावा, याचे उत्तर त्या पिढीने कृतीने दिले. आजही एखादे कुटुंब सकाळी हातकणंगले तालुक्यातील बाहुबली क्षेत्री दर्शन घेऊन निवडक आप्तांसह दुपारी विवाह उरकू शकते आणि वाचलेल्या रकमेतून एखाद्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भार उचलू शकते. न बोलावलेल्यांचा रोष अशा कारणापुढे फार काळ टिकत नाही.

निर्णय करताना आधी स्थळ ठरवू नये. आधी नावे लिहावीत. गुडघ्यांमुळे जिना चढू न शकणारी आजी, तीस वर्षे खतावणी सांभाळणारे दिवाणजी, नवरीला लहानपणी खांद्यावर घेऊन पेढीत फिरविणारा हमाल. विमानाच्या तिकिटांच्या यादीत ही नावे बहुधा नसतात. ज्यांच्यावाचून मुलीची पाठवणी अपुरी वाटेल, ती माणसे जेथे येऊ शकतील, तेच विवाहाचे योग्य स्थळ होय.